मुनीमचं रक्त

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी घड्याळजींनी जनावरांच्या दवाखान्याच्या काउंटरवर एक चामडी पट्टा ठेवला. पट्ट्यात कुत्रा नव्हता. पट्ट्याशेजारी त्यांनी खाद्याची अर्धी पिशवी ठेवली, तोंड दोरीने नीट बांधलेली.

"कुणाला लागलं तर द्या, ताई. आमच्याकडे आता खाणारा नाही."

दवाखान्यात रक्त काढणं, यंत्रावर तपासणं आणि काउंटर सांभाळणं ही तिन्ही कामं ताई करायची. वय सत्तेचाळीस, नोकरीला एकोणीस वर्षं. मालकांपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिने पट्टा उचलून पाहिला.

"गेला?"

"नाही हो, जिवंत आहे. माझ्या मावसभावाची रोपवाटिका आहे ना गावाबाहेर, काल संध्याकाळी तिथे सोडून आलो." घड्याळजींनी चष्मा काढून पुसला. "हिनेच सांगितलं, न्या म्हणून. गेल्या आठवड्यात हिने त्याला चोरून उकडलेलं अंडं दिलं. दया आली म्हणून, बोटभर. आणि त्याच दिवशी त्याने पोट खाजवून रक्तबंबाळ केलं. तेव्हापासून एकच धोशा. 'माझ्याच हाताने मी त्याला मारतेय. माझा हात काही राहायचा नाही, तुम्ही त्यालाच न्या.'"

ताईने पट्टा खणात ठेवला. काउंटरखाली, तिच्या पायाशी, दवाखान्याचा स्वतःचा कुत्रा झोपला होता. काळा, जाडजूड, आठ वर्षांचा. आल्यागेल्याकडे अर्धा डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा मिटायचा, म्हणून त्याचं नाव मुनीम पडलं होतं. घड्याळजी पायऱ्या उतरले तेव्हाही त्याने अर्धाच डोळा उघडला.

यात मुनीमचा संबंध कसा आला, हे त्या सकाळपर्यंत जगात एकट्या ताईला ठाऊक होतं.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. घड्याळजींचा कुत्रा लंबक पाच वर्षांचा होता. शेपूट एका ठेक्यात हलायची, म्हणून लंबक. त्याला खाज सुटली होती. काखेतले, पोटावरचे केस गेले, कान लाल झाले. डॉक्टरांनी पिसवा पाहिल्या, बुरशी पाहिली, काही सापडलं नाही. मग ते म्हणाले, खाण्यातलं काहीतरी त्याला सोसत नसेल, रक्त पाठवून बघू. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत चोवीस पदार्थांची चाचणी व्हायची आणि रंगीत कागद यायचा. हिरवं म्हणजे चालेल, लाल म्हणजे बंद.

तो सोमवार होता, आणि सोमवार हा मुनीमचा वार. दर सोमवारी ताई त्याचं थोडं रक्त काढायची आणि दवाखान्याच्या यंत्रावर चालवून बघायची. निरोगी कुत्रा, सात वर्षांचे आकडे वहीत लिहिलेले. आकडा नेहमीसारखा आला की यंत्र ठीक, हलला की यंत्रात बिघाड. मुनीमही पाय पुढे करून खांबासारखा उभा राहायचा, हूं की चूं करायचा नाही.

लंबक तसा नव्हता. तीन वेळा टोचावं लागलं. एक शीर फुटली, घड्याळजींनी तोंड फिरवलं, त्यांच्या बायकोने कुत्र्याचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "झालं रे राजा, झालं." शेवटी जेमतेम नळीभर रक्त मिळालं.

रक्तातलं पाणी वेगळं काढायला नळी चक्रात घालून गरगर फिरवावी लागते. पण चक्रात एकटी नळी घालता येत नाही, तोल जातो आणि यंत्र थडथडतं. समोरच्या खाचेत तितकीच भरलेली दुसरी नळी लागते. इतर वारी ताई पाण्याची नळी घालायची. सोमवारी मुनीमची असायचीच. मुनीम एक नंबरच्या खाचेत, रोगी त्याच्यासमोर. नळीवर नावाची चिठ्ठी चक्र फिरवण्याआधी लावायची असा नियम होता, पण ओलसर होऊन ती सुटते म्हणून ताई नंतर लावायची. एकोणीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

त्या दिवशी चक्र थांबायला आणि एक मांजर पिंजऱ्यातून निसटायला एकच गाठ पडली. ते कपाटावर चढलं, तिथून पंख्याच्या दांडीकडे बघू लागलं. ताई स्टुलावर, मांजराची मालकीण खाली ओरडतेय, दारात कुरिअरवाला घड्याळ दाखवतोय. मांजर हाती लागल्यावर ताईने घाईघाईने दोन्ही नळ्यांतलं पाणी दोन कुप्यांत काढलं, एकीवर लंबकची चिठ्ठी चिकटवली आणि डबा कुरिअरवाल्याच्या हातात दिला.

मंगळवारी सकाळी, आदल्या दिवशी राहून गेलेली मुनीमची कुपी यंत्रावर चढवताना तिने ती उजेडात धरली. आतलं पाणी गुलाबी होतं. मुनीमचं सात वर्षांत कधी गुलाबी आलं नव्हतं, गवतासारखं फिकं पिवळं यायचं. गुलाबी येतं ते शीर फुटून, ओढाताण होऊन काढलेल्या रक्ताचं. हातात होतं ते लंबकचं. गेलं होतं ते मुनीमचं.

फोन उचलून प्रयोगशाळेला सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण मग डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, घड्याळजींना पुन्हा बोलवावं लागलं असतं आणि त्या जिवाला चौथ्यांदा टोचावं लागलं असतं. ताईने दुसरा हिशेब केला. मुनीम ठणठणीत आहे. त्याचा कागद सगळा हिरवा येईल. मग आपण म्हणू, काही सापडलं नाही, नमुना पुन्हा पाठवू. कुणाचं काही बिघडणार नाही.

दहाव्या दिवशी कागद आला. चोवीसपैकी अकरा पदार्थ लाल. कोंबडी लाल, गहू लाल, दूध लाल, तांदूळ लाल. सगळ्यांत वर, सगळ्यांत गडद लाल, अंडं.

ताईने कागद दोनदा वाचला. मग खाली वाकून मुनीमकडे पाहिलं. रोज दुपारी दीड वाजता तिचा डबा उघडला की मुनीम येऊन बसायचा आणि डब्यातलं अर्धं उकडलेलं अंडं त्याचं असायचं. गेली सात वर्षं. कोंबडीची हाडं सोडून बाकी सगळं, पावाचे तुकडे, दुधाची साय, रोग्यांनी टाकलेलं खाद्य, सगळं तो खायचा. कधी कान खाजवल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

म्हणजे कागद नुसता चुकीच्या कुत्र्याचा नव्हता. ज्याचा होता त्याच्यापुरताही तो खरा नव्हता.

पण तोवर तो प्रयोगशाळेकडून थेट घड्याळजींच्या फोनवर गेला होता. संध्याकाळी नवराबायको दोघं आले. घड्याळजींनी कागदाला प्लॅस्टिकचं आवरण घालून आणलं होतं. काकूंचे डोळे भरलेले.

"शत्रू कळला एकदाचा," घड्याळजी म्हणाले. "आता बघा, काटा इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

"मीच मेली रोज अंडं भरवत होते," काकू म्हणाल्या. "लाडाने. ताई, तुमचे उपकार. तुम्ही तीनदा टोचलं तेव्हा मनात तुम्हाला शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू."

त्या वेळी बोलायला हवं होतं. ताईने तोंड उघडलंही. मग ते मिटलं. आज नको, उद्या सांगू, असं तिने ठरवलं, आणि तो उद्या चार महिने आला नाही.

सुरुवातीला तर कागद खरा ठरल्यासारखंच झालं. लाल नसलेल्यांत मासे आणि बटाटे होते, काकू तेच शिजवू लागल्या, आणि पंधरा दिवसांत लंबकची खाज निम्म्यावर आली. डॉक्टरांनी त्याच सुमारास खाज थांबवायची इंजेक्शनं दिली होती. इंजेक्शनाचा गुण कागदाच्या नावावर गेला. इंजेक्शनं संपली, खाज परत आली, वाढली. काकूंनी भांडी वेगळी केली, जमीन दोनदा पुसू लागल्या, शेजाऱ्यांच्या मुलांना हातात बिस्कीट घेऊन जिन्यावर यायला बंदी झाली. कुत्रा खाजवतच होता. दर खेपेला घड्याळजी काउंटरवर विचारायचे, "कुठे चुकतोय आम्ही, ताई?" आणि ताई म्हणायची, "डॉक्टरांना विचारा."

आणि दर दुपारी दीड वाजता ती मुनीमला अर्धं अंडं द्यायची. तो ते एका घासात गिळायचा, मिशा चाटायचा आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा. ज्याला कागदाने अंडं वर्ज्य केलं होतं तो खात होता. ज्याच्याबद्दल कागदाला काहीच माहीत नव्हतं तो उपाशी नजरेने काकूंच्या हाताकडे बघत होता. ताईच्या हे रोज मनात यायचं आणि ती डबा धुवायला उठायची.

पट्टा आला त्या मंगळवारी दुपारी एक वाजता दवाखान्याचं दार ओढून घेतल्यावर ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर साठीचे, टक्कल पडलेले, जेवणाआधी संत्रं सोलून खायची सवय. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. मांजर, कुप्या, गुलाबी पाणी, अंडं. डॉक्टरांनी संत्र्याच्या फोडी एकेक करून कागदावर मांडल्या, खाल्ली मात्र एकही नाही.

"चार महिने?"

"हो."

"अगं, मला तरी सांगायचंस."

"तुमचीच भीती वाटली."

डॉक्टर हसले, पण ते हसू तोंडभर पसरलं नाही. "एक सांगू? त्याचंच रक्त गेलं असतं तरी कागद असाच आला असता. हे चार पदार्थ लाल न येता ते चार आले असते, एवढाच फरक. खाण्याच्या बाबतीत त्या चाचणीवर माझा विश्वास कधीच नव्हता."

"मग आपण पाठवतो कशाला?"

"कारण खरी परीक्षा एकच आहे. जे त्याने जन्मात खाल्लं नाही असं एकच काहीतरी आठ आठवडे द्यायचं. दुसरा कण तोंडात जाता कामा नये. खाज उतरली तर जुनं एकेक परत देऊन बघायचं, ज्याने परत खाजेल तो चोर. हे सांगितलं की माणसं तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरचं दार गाठतात. कागद हातात दिला की थांबतात." त्यांनी सालं गोळा केली. "लोकांना उत्तर हवं असतं, ताई. मी उत्तर देत आलो."

ताईला वाटलं होतं, ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"नळ्यांचं सांगू नकोस," ते म्हणाले. "चाचणी कच्ची असते, एवढंच सांग. ते खोटं नाही."

"खोटं नाही," ताई म्हणाली. "पण पुरं पण नाही."

घड्याळजींचं दुकान रस्त्याला होतं, घर वरच्या मजल्यावर. लाकडी जिना, लाकडीच तक्तपोशी. खाली भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, कारण दुरुस्त झाल्याशिवाय घड्याळजी काटे मिळवत नसत. ताई वर गेली तेव्हा काकू खिडकीत बसून ऊन खात होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर कुत्र्याचं ताट घासून पालथं घातलेलं होतं.

ताईने डॉक्टरांना सांगितलं तसंच सांगितलं, क्रमाने, काही न वगळता. घड्याळजी जिन्याच्या तोंडाशी उभे होते, हातात चिमटा तसाच.

काकूंनी कट्ट्यावरचं ताट जवळ ओढलं.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "माझ्या अंड्याने नव्हतं झालं."

ताईला एकच शब्द बोलायचा होता: नाही. तो बोलली असती तर त्या बाईच्या छातीवरचा धोंडा तिथेच उतरला असता. कदाचित तो शब्द खराही निघाला असता.

"माहीत नाही, काकू."

"माहीत नाही?"

"अंड्यानेही असेल. माशानेही असेल, चार महिने तेच खातोय तो. खाण्याचं नसेलही. त्या कागदावरून काहीच कळत नाही. ना दोष, ना सुटका."

काकूंनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "चार महिने मूग गिळून बसलीस. मी रात्रंदिवस स्वतःला खात होते, आणि तुला ठाऊक होतं. आणि आता आलीस ती हे एवढंच घेऊन?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "बाई गं, खोटं तरी धड बोलायचंस."

"अगं, ती सांगायला आली तरी," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही आपले पेच पिळा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लोटलं गेलं.

जिन्यात घड्याळजींनी ताईला गाठलं. "ती आठ आठवड्यांची परीक्षा," ते म्हणाले, "ती कशी घेतात?"

शनिवारी मावसभावाने लंबकला जीपमधून परत आणून सोडलं. "कुत्रा आहे की पार्सल?" तो म्हणाला. "पाच दिवस फाटकाकडे तोंड करून बसला होता. माझ्या एका रोपाकडे बघितलं नाही पठ्ठ्याने." काकूंनी खिडकीतून पाहिलं, खाली आल्या नाहीत. कुत्रा वर येणार नाही, दुकानातच राहील, असा त्यांचा निरोप होता. वर आला तर आपला हात राहणार नाही, असंही त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं.

बदकाचं मांस आणि रताळं ठरलं. दोन्ही लंबकने कधी खाल्लं नव्हतं. मोजणीची पद्धत घड्याळजींची. रोज सकाळी आठ ते नऊ दुकान बंद ठेवून, स्टॉपवॉच लावून, कुत्रा किती वेळा खाजवतो ते ते वहीत लिहीत. एक पाय उचलला की एक. पहिल्या दिवशीचा आकडा होता एकेचाळीस. वही दर शनिवारी दवाखान्यात यायची. ताई आकडे उतरवून घ्यायची.

एकेचाळीस. चाळीस. अडतीस. तिसऱ्या आठवड्यात गजराचं घड्याळ न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने गरीब बिचारा म्हणून लंबकपुढे अख्खं बिस्कीट टाकलं. ते जमिनीवर पोचलंही नाही. घड्याळजींनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, पहिल्यापासून. घड्याळजींनी वहीत आडवी रेघ मारली, खाली 'दिवस पहिला' लिहिलं आणि दारावर पाटी लावली, 'कुत्र्याला काहीही देऊ नये, प्रेमही लांबूनच करावे.'

रेघेनंतरच्या पाचव्या आठवड्यात आकडा एकोणीसवर आला. काखेत लव दिसू लागली. आठव्या आठवड्याच्या शेवटी पाच. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण हवाही बदलली आहे, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. आता जुनं एकेक परत द्या. आधी मासे द्या, म्हणजे निदान चार महिन्यांचा सोक्षमोक्ष लागेल.

हा निरोप वर गेला आणि उलट निरोप खाली आला. आधी अंडं.

"आधी माझा निकाल," काकूंनी कळवलं होतं.

दवाखान्यातही काही गोष्टी बदलल्या, काही नाहीत. चिठ्ठ्या आता फिरवण्याआधी लागतात. मुनीमची नळी चक्रात जात नाही, पाण्याची जाते. रक्तचाचणीच्या अर्जांचा गठ्ठा मात्र काउंटरच्या खणात तसाच आहे. गेल्या महिन्यात त्यातले तीन अर्ज गेले, तिन्हींवर डॉक्टरांची सही आहे. ताईने प्रत्येकाला आठ आठवड्यांची गोष्ट आधी सांगितली. एकाने ऐकून घेतली आणि विचारलं, "पण कागद कधी येईल?" दुपारी दीड वाजता मुनीम अजून येऊन बसतो. ताईच्या डब्यात हल्ली अंडं नसतं. तो थोडा वेळ डब्याकडे आणि मग तिच्याकडे बघतो.

मंगळवारी सकाळी आठ वाजता काकू जिना उतरून दुकानात आल्या. जवळजवळ तीन महिन्यांनी. लंबक उठला, त्याची शेपूट स्टुलाच्या पायावर आपटू लागली. ताईला घड्याळजींनी बोलावून घेतलं होतं, ती दाराशीच थांबली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पदराखालून वाटी काढली, उकडलेल्या अंड्याचा चतकोर तळहातावर घेतला आणि हात पुढे केला. लंबकने अंडं घेतलं, आणि मग रिकामा तळहात बराच वेळ चाटत राहिला.

"चला," घड्याळजी म्हणाले आणि स्टॉपवॉच दाबलं.

दोन आठवडे रोज चतकोर अंडं द्यायचं आणि बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. पहिल्या दिवशी आकडा पाच होता. बुधवारी सहा.

गुरुवारी ताई कामावर जाताना दुकानापाशी थांबली. नऊ वाजत आले होते. घड्याळजी वहीवर वाकलेले, लंबक मान वाकडी करून काखेशी काहीतरी करत होता. ते खाजवणं की नुसतं चाटणं, हे तिला दारातून कळेना.

"किती?" वरून, जिन्याच्या तोंडातून, काकूंनी विचारलं.

घड्याळजींनी स्टॉपवॉच थांबवलं. "नऊ."

घड्याळजींनी वहीत नऊ लिहिले. अजून अकरा दिवस बाकी आहेत.